मदत हवी आहे : १९७९ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी

नमस्कार.

विलेपार्ल्यातील आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार असून दिवाळीपूर्वी आवार रिकामे करून द्यायचे आहे. त्या आवारात मागच्या भिंतीलगत, ताडपत्रीखाली, माझ्या वडिलांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी बऱ्याच वर्षांपासून उभी आहे. गाडी भंगारात द्यावी, असे घरातल्या बहुतेकांचे मत आहे. मला ती दुरुस्त करून पुन्हा चालवायची आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

१९८९ मध्ये मी अठरा वर्षांची झाले आणि शिकाऊ परवाना मिळताच बाबांनी रविवारी पहाटे आरे कॉलनीतील मोकळ्या रस्त्यांवर मला याच गाडीवर शिकवले. स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना ओढावा लागणारा चोक आणि पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा उघडताच थेट तोंडावर येणारा वारा हे सगळे मला अजून जसेच्या तसे आठवते. पुढची सीट सलग बाकासारखी असल्याने आम्ही दोघी बहिणी आणि बाबा, असे तिघे पुढेच बसत असू. द्रुतगती मार्ग तेव्हा झालेला नव्हता. आजोळी पुण्याला जाताना बोरघाटाच्या चढावर रेडिएटरचे पाणी हमखास उकळे; मग शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबवून, बॉनेट उघडून, ती निवेपर्यंत आम्ही दरीकडे पाहत बसत असू. घाट मी स्वतः चालवत चढले, त्या दिवशी बाबा शेजारी बसून एकही सूचना न देता गप्प राहिले होते. त्यांच्याकडून मिळालेली तेवढी मोठी शाबासकी मला दुसरी आठवत नाही.

आता गाडीची स्थिती सांगते. तळाचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा गंजल्या आहेत, रबरी भाग कडक होऊन तडकले आहेत, ब्रेक धरून बसले आहेत. १०८९ सीसीचे मूळ इंजिन मात्र हाताने फिरते, म्हणून मला आशा वाटते. एका परिचित मेकॅनिकने ते काढून नव्या गाडीचे इंजिन बसवण्याचा सल्ला दिला. खर्च कमी होईल हे खरे. पण तसे केल्यास नोंदणी पुस्तकात बदल करून घ्यावा लागेल आणि मग ती बाबांची मूळ गाडीही राहणार नाही. म्हणून मूळ इंजिनच ठेवायचे, एवढे मी ठरवले आहे.

मुंबई किंवा ठाणे परिसरात पद्मिनीच्या इंजिनाचे आणि पत्र्याचे काम अजूनही मन लावून करणारा कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? कुर्ला येथील सीएसटी रोडवर चौकशी करणार आहेच, परंतु ब्रेकचे सिलिंडर, कार्बोरेटरचा संच आणि काचांची रबरे तेथे चांगल्या प्रतीची मिळतात का, हे अनुभवी व्यक्तीने सांगितल्यास फसगत टळेल. दुसरी काळजी इंधनाची आहे. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या रबरी नळ्या व इंधन पंपाचा पडदा त्याने खराब होतो. आपण कोणत्या प्रतीच्या नळ्या बसवल्या आहेत?

कागदपत्रांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नोंदणीची मुदत संपली असून गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे आणि ते आता हयात नाहीत. वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ आणि नूतनीकरणासाठी नमुना २५ लागतो, हे मला ठाऊक आहे. त्यानंतर पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. परंतु हे दोन्ही अर्ज एकाच वेळी करता येतात का, आणि इतकी जुनी नोंद परिवहन कार्यालयाच्या संगणकावर नसल्यास काय करावे लागते? नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही त्यावरच अवलंबून आहे. पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबून व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी, असे एका स्नेह्यांनी सुचवले. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही आणि मला तर माझ्या मुलीला याच गाडीवर शिकवायचे आहे.

काम सुरू होईपर्यंत पार्ले ते बोरिवली या पट्ट्यात दोन-तीन महिन्यांसाठी छपराखालची भाड्याची जागा कोणाकडे असल्यास तेही कृपया कळवावे. टायर हवा धरत नसल्याने गाडी टोइंगच्या गाडीवर चढवूनच न्यावी लागेल.