काळी पाचची पांढरी पाच

(आमच्या सोसायटीत ‘फक्त गाणी, गुड मॉर्निंग नको’ असा एक ग्रुप आहे. तिथलीच ही गप्पाटप्पा. नावांच्या जागी फ्लॅट नंबर ठेवलेत.)

शनिवार

बी-४०२: मंडळी, भाच्याने न्यू जर्सीहून टर्नटेबल आणलंय. त्याच्याकडे पडून होतं. बाबांच्या एलपी तबकड्या कित्येक वर्षांनी बाहेर काढल्या. खरखर फार नाही, पण गाणं रेंगाळतंय. गायिकेचा आवाज घोगरा, पुरुषी येतो. काय झालं असेल?

ए-६०५: काका, बेल्ट सैल पडला असणार.

बी-४०२: बेल्ट नवा आहे. भाच्याने तिकडेच बदलून आणला.

ए-६०५: मग बेअरिंगला तेल. शिलाई मशीनचं चालतं.

बी-४०२: थेंबभर घातलं. फरक शून्य.

बी-३०१: भावजी, काल दुपारी मला वाटलं तुम्हाला बरं नाहीये. वरून कण्हल्याचा आवाज येत होता. मी काढा घेऊन येणार होते.

बी-४०२: वहिनी, तो मारवा राग होता.

ए-६०५: रेकॉर्डवर घाण असेल. स्पिरिटने पुसून बघा.

बी-४०२: तेच करतोय. माळ्यावर ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) वीसेक जुन्या तबकड्या आहेत, त्याही हातासरशी पुसून घेतो.

ए-२०३: काका थांबा!! ७८ ना स्पिरिट अजिबात लावू नका! त्या लाखेच्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

सी-५०४: ताई बरोबर सांगतायत. चपडा लाख आणि स्पिरिट म्हणजे सुताराचं फ्रेंच पॉलिश. तबकडीचं पॉलिश कराल काका.

बी-४०२: बापरे. बोळा हातात होता.

ए-२०३: खाली ठेवा तो. आणि त्या या मशीनवर लावूही नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई तळाशी घासत जाईल. शिवाय ७८ म्हणतो खरं, पण सुरुवातीच्या काळात सगळ्याच काही ७८ वर घेतलेल्या नसायच्या. जुन्या गवयांची खरी पट्टी कोणती यावर अजून भांडणं होतात. असो. तुम्ही एलपीचा तुकडा पाठवा, तंबोरा नीट ऐकू येईल असा.

बी-४०२: (ऑडिओ, २० सेकंद)

ए-२०३: पेटीवर लावून बघितलं. षड्ज, म्हणजे गाण्याचा सा, पांढरी पाचला (पाचव्या पांढऱ्या पट्टीला) येतोय. याच एलपीची कॅसेट आहे माझ्याकडे, ती काळी पाच. तब्बल तीन पट्ट्या खाली!

ए-६०५: कॅसेट प्लेअरपण पुढेमागे पळतोच ना ताई?

ए-२०३: पळतो, पण तीन पट्ट्या नाही रे. शिकवणीच्या कॅसेट त्यावर वाजवते, पेटीला लागतात.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुण्याचे काम असल्याने ११ ते ४ पाणी बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.

ए-६०५: सर, हा गाण्यांचा ग्रुप आहे.

सेक्रेटरी: सॉरी. पाणी मात्र बंदच राहील.

सी-१०१: ताईंचं वाचून शंका आली. काका, फिरत्या तबकावर कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून ३ मिनिटं फेरे मोजा. एलपीचा मिनिटाला ३३.३३ चा वेग म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० भरले पाहिजेत.

बी-४०२: नातवाने मोजले. ८३ म्हणतो. मला पटेना म्हणून मी मोजले. ८३ आणि वर थोडंसं.

सी-१०१: मग मशीनला काहीही झालेलं नाही. तुम्ही स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय ना?

बी-४०२: हो साहेब, तपकीर गल्लीतून आणला. २३० चे ११०.

सी-१०१: तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. या जातीची मोटर व्होल्ट बघून फिरतच नाही, विजेच्या आवर्तनाला धरून फिरते. सिंक्रोनस म्हणतात तिला. साठाच्या जागी पन्नास मिळाले की वेग सहाचा पाच होतो. ३३.३३ चे २७.८, आणि १०० चे ८३. उगाच बेल्ट न् तेल करत बसलात. आयुष्य एमएसईबीत गेलं माझं, आधी मला विचारायचं. आणि हो, ६० ची मोटर ५० वर जरा जास्त तापते. तासन्‌तास चालू ठेवू नका.

ए-२०३: साहेब, सहाला पाच?? अहो, षड्जाची कंपनं ५ धरली तर तीन पट्ट्या वरचा कोमल गंधार ६ वर येतो. म्हणजे बाईंचा खरा षड्ज या मशीनच्या हिशेबाने कोमल गंधारावर बसलाय. तीन पट्ट्या म्हणजे तेच!

सी-१०१: मला गंधार कळत नाही. ६० भागिले ५० म्हणजे १.२, एवढं कळतं.

ए-२०३: तोच तो.

ए-६०५: माझं टर्नटेबलही तिकडचंच आहे, मग ते कसं नीट चालतं?

सी-१०१: तुझं अडॅप्टरवर चालतं. आत डीसी मोटर, तिला आपल्या ५० शी देणंघेणं नाही. काकांना ६० हर्ट्झ देणारा वेगळा पुरवठा मिळेल, पण टर्नटेबलच्या किमतीत जाईल. त्यापेक्षा मोटरच्या दांड्यावरची पुली १.२ पट व्यासाची करून घ्या.

सी-५०४: पितळेची आहे का? द्या माझ्याकडे. भोसरीला आपलं लेथ आहे, सोमवारी काढून देतो. भोक फक्त अगदी मध्यावर हवं. केसभर सरकलं तरी गाणं हेलकावे खातं.

बुधवार

बी-४०२: नवी पुली बसली. १० मिमीची १२ केली. ९९ फेरे भरले!

ए-६०५: झालं की! 🎉

ए-२०३: ऑडिओ ऐकला. काळी पाचच्या जवळ आहे, पण किंचित उतरलेला. पेटीबरोबर लाटा येतात.

सी-५०४: माप मायक्रोमीटरने घेतलंय ताई, बारा म्हणजे बाराच.

सी-१०१: चूक तुमची नाही, माझी. बेल्टची जाडी धरायची राहिली. बेल्ट पुलीवर बसतो, म्हणजे हिशेब पुली अधिक बेल्ट असा हवा. बेल्ट ०.६ चा असेल तर १०.६ गुणिले १.२, त्यातून पुन्हा ०.६ वजा. १२.१२ करा.

सी-५०४: बारीक करायची असती तर तीच घासून दिली असती. आता मोठी म्हणजे परत नवीन. काका, चहा लागू झाला.

बी-४०२: चहा काय, मिसळ घ्या.

रविवार

बी-४०२: १००. नातू १००, मी १००, सूनबाई १००.

ए-२०३: काळी पाच. पेटी आणि बाई एका जागी.

बी-३०१: भावजी, गाणं आता गोड येतंय खाली. पण काल रात्री साडेनवाला दोनदा धपकन काय वाजलं?

बी-४०२: दुसऱ्या बाजूला एक ओरखडा आहे वहिनी, तिथे सुई अडकते. बाबा खुर्चीतून न उठता फरशीवर पाय आपटायचे, सुई पुढे सरकायची. तसं करून बघत होतो.

बी-३०१: सरकली का?

बी-४०२: दुसऱ्या वेळी.