मदत हवी आहे: ११ च्या पुढे 'एस-टी' (तातडीचं)

सायली_ठाणे: मंडळी, आकड्यापुढे लहान अक्षरात एस-टी लिहिलं तर अर्थ काय? १, २१, ३१ ला लागतं ते माहीत आहे. माझ्याकडे ११ ला लावलंय. उद्या सकाळी पुस्तिका छापायला द्यायची आहे, प्लीज लवकर सांगा.

गोदाकाठ: एसटी म्हणजे राज्य परिवहन. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. माझे वडील वाहक होते, खाकी गणवेशाला इस्त्री केल्याशिवाय ड्यूटीवर गेले नाहीत कधी.

सायली_ठाणे: काका, बस नाही हो. इंग्रजीतलं एस-टी.

शब्दवेडा: इंग्रजीत त्याचे बरेच अर्थ आहेत. नावाआधी आलं तर सेंट, रस्त्याच्या नावानंतर आलं तर स्ट्रीट. स्ट्रीट लॅटिन 'स्त्राता'वरून, म्हणजे फरसबंदी वाट. पूर्ण वाक्य द्या, कुठल्या काळातलं तेही सांगा.

जोशीमास्तर: ११ ला टी-एचच लागतो, लिहिणाऱ्याची चूक आहे. 'अकरावा' करा आणि मोकळ्या व्हा. फर्स्टमधला एस-टी हा मुळात 'सर्वांत' सांगणारा प्रत्यय, फर्स्ट म्हणजे सर्वांत पुढचा. आपल्या ज्येष्ठ, कनिष्ठमधला 'इष्ठ' तोच. स्वीटेस्ट आणि स्वादिष्ठ शेजारी ठेवून बघा. इंग्रजी संस्कृतातूनच निघाली.

शब्दवेडा: मास्तर, जोडी अचूक आहे, निष्कर्ष नाही. दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेच्या लेकी. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं, जर्मॅनिक भाषाही (इंग्रजी त्यांतलीच) त्यातच असाव्यात म्हणाले. बहिणीला आई म्हणू नका.

जोशीमास्तर: थोरली बहीण म्हणा मग. मी ३० वर्षं व्याकरण शिकवलंय.

रानवारा: 'दाऊ नोएस्ट'मधलाही एस-टीच ना? तू जाणतोस, असं. जुन्या बायबलमध्ये पानोपानी आहे.

सायली_ठाणे: अहो, आधी माझं बघा ना! मावशीच्या यजमानांच्या आजोबांची पत्रं आहेत, इंग्लंडातल्या यॉर्कशरची, १८९० च्या सुमाराची. इकडच्या नातेवाइकांसाठी मराठी करतेय. शाई उडालीय, पण एस-टी स्पष्ट आहे, आकड्याच्या डोक्यावर बारीक काढलेलं. वाक्य असं: 'तापाआधी थोरला ११ एस-टी ४ होता, आता जेमतेम ९.'

लीड्सकर: हे पहिल्याच पोस्टमध्ये द्यायचं ना ताई! तारीख नाही ती, वजन आहे. एस-टी म्हणजे स्टोन, १४ पौंडांचा. पूर्वी मालागणिक वेगळा असायचा, लंडनच्या मांसबाजारात ८ पौंडांचा. १८३५ च्या कायद्याने १४ ठरला. इथे अजूनही लोक स्वतःचं वजन स्टोनमध्ये सांगतात. माझ्या शेजारच्या आजींना किलो सांगितले की त्या विचारतात, म्हणजे किती स्टोन?

सायली_ठाणे: आणि पुढचे ४?

लीड्सकर: पौंड. ११ गुणिले १४ अधिक ४, म्हणजे १५८ पौंड, साधारण ७२ किलो. ९ स्टोन म्हणजे ५७.

गोदाकाठ: तापात १४-१५ किलो गेले पोराचे. वाचला का तो?

सायली_ठाणे: पुढच्या पत्रात तो स्वतः जिना उतरून खाली जेवायला आल्याचं लिहिलंय, काका. मी '११ तारखेपासून चार दिवस ताप' असं केलं होतं. ते पान आत्ताच बदलते. कंसात किलो घालते.

जोशीमास्तर: स्वादिष्ठमधला ठ तेवढा ठच ठेवा, 'स्वादिष्ट' लिहू नका कुठे.