वृद्धाश्रमात साथ शिरू नये म्हणून आधीच काय तयारी ठेवावी? (नाशिक)

गोदाकाठ_व्यवस्थापक

नमस्कार मंडळी. मखमलाबादकडच्या ४० खाटांच्या वृद्धाश्रमाची व्यवस्था माझ्याकडे आहे. तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, वर हिंडते-फिरते. रात्री दोन मावश्या, दिवसा चार, सिस्टर सकाळ-संध्याकाळ. विश्वस्तांचं म्हणणं, पुन्हा साथ आली तर २०२० सारखं गेट बंद करू, भेटी बंद करू, विषय संपला. मला हे अपुरं वाटतं. रोग नेमका कुठून शिरतो, लवकर ओळखायचा कसा आणि माणसं खोलीत डांबून न ठेवता काय करता येईल, हे जाणकारांनी सांगावं.

सिस्टर_पंचवटी

गेट बंद करून रोग थांबत नाही. भेटायला येणारा मुलगा महिन्यातून एकदा तासभर बसतो, मावशी रोज आठ-बारा तास अंगाला हात लावते. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कर्कलंडच्या वृद्धाश्रमात कोविडची साथ पसरली, तेव्हा चौकशीत हेच निघालं: कर्मचारी लक्षणं असताना कामावर येत होते आणि एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते. आपल्याकडे ब्युरोची (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) मावशी दिवसा आश्रमात आणि रात्री गंगापूर रोडला एखाद्या पेशंटकडे असते. तिला दोष देऊ नका, एका पगारात तिचं भागत नाही. म्हणून पहिली तरतूद पैशाची करा. साथीच्या काळात दुसरी ड्युटी सोडण्याचा भत्ता द्या आणि ताप-खोकला आला तर पगारी सुट्टी. सुट्टी बिनपगारी असेल तर मावशी गोळी घेऊन कामावर येणार.

दुसरं, मजले वाटून द्या. तळमजल्याची मावशी वर जाणार नाही, तिचा चहा-जेवणही खालीच. मावश्या एकत्र बसून मास्क काढून डबा खातात, तिथे सगळी वाटणी फुकट जाते.

तिसरं, दवाखान्यातून परत येणारे. इंग्लंडमध्ये २०२० च्या एप्रिलच्या मध्यापर्यंत दवाखान्यातली वृद्ध माणसं तपासणी न करता वृद्धाश्रमांत पाठवली गेली. २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदेशीर ठरवलं. तुमच्याकडे एक खोली कायम रिकामी ठेवा. हाडाच्या ऑपरेशनहून आलेले आजोबाही साथीच्या दिवसांत आधी तिथेच.

ओळखण्याबद्दल. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. काल नीट बोलणाऱ्या आजी आज नातवाचं नाव विसरल्या, दोन घास खाऊन ताट सरकवलं, बाथरूमकडे जाताना तोल गेला, अंथरूण ओलं झालं, हीच पहिली लक्षणं असू शकतात. "वयामुळे होतं" म्हणून सोडून दिलं की दोन दिवस हातचे जातात. तापाची रेषाही खाली आणा: एकदा १००, किंवा दोनदा ९९ च्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २ अंश जास्त (सगळं फॅरेनहाइटमध्ये).

त्यासाठी नेहमीचा आकडा माहीत हवा. आत्ताच, सगळे ठणठणीत असताना, प्रत्येकाचं तापमान, नाडी, ऑक्सिजन आणि वजन वहीत लिहा. विडी-चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्यांचा रोजचा ऑक्सिजनच ९०-९२ असू शकतो. ते माहीत नसेल तर उगाच धावपळ होते, किंवा ९७ वरून ९३ वर आलेल्या आजींकडे दुर्लक्ष होतं. ऑक्सिमीटर लावण्याआधी हात चोळून गरम करा, नेलपेंट-मेंदी नसलेलं बोट घ्या, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही लक्षात असू द्या.

हवा_खेळती

सिस्टरांनी माणसांचं सांगितलं, मी खोलीचं सांगतो. वेगळी ठेवायची खोली १० बाय १२ ची, उंची १० फूट धरली तर १२०० घनफूट हवा. ती तासाला सहा वेळा बदलायची म्हणजे मिनिटाला १२० घनफूट. नऊ इंची एक्झॉस्ट यासाठी सहज पुरतो. तो बाहेरच्या भिंतीत, हवा बाहेर फेकणारा आणि पॅसेजकडे तोंड नसलेला हवा. दाराखाली बोटभर फट ठेवा, नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा हलत नाही. बरोबर बसलाय का हे बघायला दाराच्या फटीशी उदबत्ती धरा: धूर पॅसेजमधून खोलीत जायला हवा. उलटा येत असेल तर आजाऱ्याची हवा तुम्ही सगळ्या मजल्याला वाटताय. छताचा पंखा हवा बदलत नाही, तीच ढवळतो.

नाशिकची खरी अडचण डिसेंबर-जानेवारीत. थंडीमुळे सगळ्या खिडक्या घट्ट लावतात आणि श्वसनाचे आजार वाढतात तेही थंडीतच. वरचे झरोके उघडे ठेवा, खालच्या खिडक्या लावा, कानटोपी आणि जादा ब्लँकेट द्या.

गोदाकाठ_व्यवस्थापक

दोघांचेही आभार. ऑक्सिजन आश्रमात ठेवावा का? आणि फरशीसाठी ब्लीचिंग पावडर किती घालायची? प्रत्येक मावशीचं माप वेगळं.

सिस्टर_पंचवटी

ठेवा, पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची सोय म्हणून. १० लिटरच्या छोट्या सिलिंडरचा दाबाचा काटा १५० बारवर असेल तर आत साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटरने तो बारा तास जातो, ५ लिटरने पाचच. हा हिशेब सिलिंडरवरच चिकटवा. मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेचं यंत्र) तीन-चारशे वॅट लागतात, म्हणून इन्व्हर्टर किती वेळ खेचतो ते लोड लावून तपासा. त्याची जाळी आठवड्याला धुवा आणि यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. आपल्या शहराने २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजन गळती पाहिली आहे. पुरवठा खंडित झाला की हातात मिनिटंच उरतात, त्यामुळे यंत्र असलं तरी एक भरलेला सिलिंडर हवाच. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती काही नको. आजी हट्ट करतील, देव्हारा पॅसेजमध्ये न्या. (हवेच्या दिशेची उदबत्तीची चाचणीसुद्धा ऑक्सिजन बंद असताना, खोली रिकामी असतानाच.)

कोविड झालेल्याला ऑक्सिजन लागत नसेल तर कोविडसाठी म्हणून स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. २०२१ मध्ये मधुमेहींना काळ्या बुरशीने गाठलं, त्यात अनिर्बंध साखर आणि स्टेरॉइडचा वाटा मोठा होता.

ब्लीचिंग पावडर ३० टक्के क्लोरिनची असेल तर लिटरला ३३ ग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. एक ठरलेला डबा मोजून खूण करून द्या. आधी साबणाच्या पाण्याने फरशी पुसायची, कारण मळावरच क्लोरिन खर्ची पडतं. मग द्रावण, दहा मिनिटं ओलं, मग साधं पाणी. रोज ताजं करा. संडासाच्या ॲसिडबरोबर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. माणसांवर फवारायचं तर नाहीच.

सांजवेळ_समाजकार्य

भेटींबद्दल. कॅनडात पहिल्या लाटेतल्या मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के वृद्धाश्रमांशी निगडित होते, त्यामुळे विश्वस्तांची भीती खोटी नाही. पण महिनोन्‌महिने खोलीत ठेवलेला माणूस चालणं विसरतो, वजन उतरतं, विसरभोळेपणा वाढतो, आणि त्यातलं बरंचसं परत येत नाही. म्हणून प्रत्येक रहिवाशामागे घरातला एकच ठरलेला माणूस, लस घेतलेला, लक्षणं नसलेला, मास्क लावून, अंगणात किंवा व्हरांड्यात, वेळ ठरवून. हे साथ ऐन भरात असतानाही चालू ठेवता येतं. मरणपंथाला लागलेल्याच्या भेटीला बंदी घालूच नका, तिथे पूर्ण संरक्षण घालून आत सोडा.

ऐकू कमी येणारे ओठ बघून समजून घेतात, मास्कने ते बंद होतं. पाटी-खडू ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या आजी मास्कवाल्या मावशीला घाबरून जेवत नाहीत, तिचा हसरा फोटो ॲप्रनवर लावा. अंथरुणावरच्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची नोंद साथीतही चुकवू नका, माणसं कमी पडली की पहिला बळी तिचाच जातो.

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, रहिवाशांना आणि मावश्यांनाही. न्यूमोकॉकल लसीचं (न्यूमोनियाविरुद्धची) डॉक्टरांना विचारून घ्या. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

गोदाकाठ_व्यवस्थापक

मावश्यांच्या भत्त्याचा आकडा काढून बुधवारच्या बैठकीत ठेवतो. वहीचा तक्ता कोणाकडे तयार असेल तर इथे टाका.

सिस्टर_पंचवटी

तक्ता कशाला, दोनशेपानी वही घ्या. एका माणसाला चार पानं. वर नाव, औषधं, ॲलर्जी, घरचा नंबर आणि नेहमीचे चार आकडे. खाली रोज एक ओळ: ताप, ऑक्सिजन, खाल्लं किती, लघवी, "आज वेगळं काय". शेवटचा रकाना मावशीने भरायचा, सिस्टरने नाही.