समुद्रकिनारी दोन दिवस, पोहता कोणालाच येत नाही. काय काय करता येईल?

प्रश्न (प्रवासी_सहाजण)
आम्ही सहाजण आहोत. त्यात सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं, शिवाय सत्तरीचे आजी-आजोबा. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जायचं आणि दुपारी उन्हात खोलीवर थांबायचं, एवढंच सध्या ठरलंय. मुलांना खडकातले खेकडे बघायचेत, वाळूचा किल्ला करायचाय आणि पाण्यातही उतरायचंय. कुठली गोष्ट कधी करावी? बोटीवरचे खेळ सुरक्षित असतात का?

खडकवाट
सकाळ-संध्याकाळ हा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज ७ वाजता पूर्ण ओहोटी असेल तर उद्या ती ७.५० च्या सुमारास येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी वरही खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा हा फरक कमी. खडकातली डबकी बघायला अमावास्या किंवा पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस सर्वांत चांगले.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचा. पाणी हटेल तसे त्याच्या मागे खाली उतरा आणि पाणी फिरलं की लगेच परत निघा. ढोबळ हिशोब असा: भरतीचे सहा तास धरले तर एकूण चढाचा बारावा हिस्सा पहिल्या तासात, दोन हिस्से दुसऱ्या तासात, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे चढ ४ मीटर असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात पूर्ण एक मीटर. माणसं फसतात ती इथेच. सुरुवातीला पाणी हललंच नाही असं वाटतं, आणि तोवर पाठीमागची खोलगट जागा भरून परतीची वाट बंद झालेली असते.

डबक्याजवळ गेल्यावर हात घालू नका. कडेला बसा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि दोन मिनिटं गप्प राहा. तळाशी पडलेला एखादा शंख भराभर चालायला लागतो, तो रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा. दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, कारण खालचे जीव उन्हात मरतात. उष्ण समुद्रात शंकूच्या आकाराचा शंख मात्र हातात घ्यायचाच नाही, आत गोगलगाय जिवंत असली तर तिचा डंख जीवघेणा ठरू शकतो. पायात बंद, रबरी तळाचे बूट हवेत, कालवांची धार तळवा चिरते. हिरवं शेवाळ फार निसरडं असतं, म्हणून आजी-आजोबांना खडकांवर नेऊच नका. त्यांच्यासाठी ओहोटीतली घट्ट ओली वाळू चालायला उत्तम.

ओलीवाळू
किल्ल्याची जागा: मागच्या भरतीने शेवाळ आणि काटक्यांची जी रेघ सोडलेली असते, तिच्या थोडं खाली. तिथे वाळू ओलसर मिळते. भरती उतरायला लागल्यावर सुरुवात केलीत तर बराच वेळ हातात राहतो.

मूठभर वाळू दाबून मूठ उघडा. गोळा टिकला तर ओल बरोबर. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. कोरड्या वाळूत ही ओढ नसते आणि पाणी जास्त झालं तर कण सुटे होऊन वाहू लागतात. उंच बुरूज हवा असेल तर तळ कापलेली बादली घ्या. १०-१५ सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, मग हाताने ठोकून घट्ट करणं, असं करत काठोकाठ भरा आणि बादली वर ओढून काढा. कोरीवकाम नेहमी वरून खाली, नाहीतर पडणारी वाळू खालची नक्षी बुजवते.

भुयार खणू देऊ नका आणि खड्डा धाकट्याच्या गुडघ्याहून खोल नको. कडा वाळल्या की अचानक ढासळतात आणि वाळूखाली अडकलेल्याला ओढून काढणं अतिशय कठीण असतं. निघताना खड्डा बुजवा.

शिडाची_होडी
पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक असेल तिथेच. वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन निशाणांच्या मधला भाग त्यांच्या देखरेखीखाली असतो. एकच लाल निशाण म्हणजे धोका जास्त, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी.

लाटा फुटत नाहीत अशी मधलीच शांत, गडद पट्टी दिसली तर लोक मुलांना नेमके तिथेच उतरवतात. ती बहुधा परतीच्या ओढीची वाट असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून आत जातं, आणि फेस समुद्राकडे जाताना दिसतो. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून हाक मारा. पोहता न येणाऱ्यांनी गुडघाभर पाण्यापुढे जाऊच नये.

हवेच्या रिंगा किनाऱ्यावरच ठेवा. विशेषतः सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो रिंग बघता बघता आत नेतो.

बोटीच्या खेळांत आधी जॅकेट तपासा: सगळी बक्कलं लावून दोन्ही खांदे वर ओढा, ते कानापर्यंत आले तर जॅकेट मोठं आहे. लांबट फुग्यावर बसवून ओढतात त्या बोटीतून मुद्दाम पाण्यात पाडतात, तेव्हा "पाडणार का?" हे बसण्याआधीच विचारा. वारा झोतांनी येत असेल तर पॅराशूटचा खेळ टाळा.

प्रवासी_सहाजण
खूप उपयोग झाला. वाळूत निळे फुगे पडलेले दिसले तर?

खडकवाट
हात लावू नका. ते जेलीफिशसारखे समुद्री जीव असतात. मेलेले वाटले तरी त्यांचे धागे डंख करतात, आणि ते दिसले त्या दिवशी मुलांना पाण्यात पाठवू नका. डंख झालाच तर चोळू नका, वाळू घासू नका. धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात (साधारण ४५ अंश) २० मिनिटं तो भाग बुडवा. श्वासाला त्रास झाला किंवा सूज पसरली तर थेट दवाखाना.