नोकरी सांभाळून ऑनलाइन एम.डिव्ह.: सेमिनरी निवडताना काय काय तपासावं?

कातरवेळ:
अमेरिकेत राहून, पूर्णवेळ नोकरी न सोडता ऑनलाइन एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाळकीय कामासाठीची पदव्युत्तर पदवी) करायची आहे. नोकरीत आठवड्याचे ४५ तास जातात. पुढे दोन वाटा डोळ्यांसमोर आहेत: हॉस्पिटलमध्ये चॅप्लन (रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा सेवक), किंवा एखाद्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अर्धवेळ पाळकीय सेवा. कोणती ते अजून ठरलेलं नाही. सगळ्याच सेमिनरी (ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या संस्था) ‘लवचीक’ आणि ‘काम करणाऱ्यांसाठी’ असं लिहितात, त्यामुळे माहितीपत्रकं वाचून काहीच कळत नाही. निवड कशावर करायची? खरा वेळ किती लागतो? आणि आधी छोटी एम.ए. करून मग एम.डिव्ह.कडे वळणं शहाणपणाचं आहे का?

दगडी पायरी:
सेमिनरींची यादी काढायच्या आधी एक काम करा: तुमची पदवी शेवटी कोण मान्य करणार आहे, हे ठरवा. पदवी सेमिनरी देते, पण दीक्षा (पाळक म्हणून अधिकृत नेमणूक) पंथ देतो आणि चॅप्लनचं प्रमाणपत्र तिसरीच संस्था देते. या तिघांच्या अटी एकमेकींशी आपोआप जुळत नाहीत. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पंथाचं उदाहरण घ्या. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये दीक्षा हवी असेल, तर त्यांच्या युनिव्हर्सिटी सेनेटच्या मान्य यादीतलीच सेमिनरी चालते. शिवाय पंथाचा इतिहास, सिद्धांत आणि कारभार हे विषय ठरलेले असतात. प्रेस्बिटेरियन चर्च (यू.एस.ए.) मध्ये हिब्रू आणि ग्रीक दोन्ही लागतात, मूळ भाषेतून शास्त्रार्थ, म्हणजे बायबलच्या वचनांचा अर्थ उलगडणं, जमावं लागतं, आणि दीक्षेच्या वेगळ्या परीक्षा असतात. आज बऱ्याच ऑनलाइन एम.डिव्ह. भाषा न घेताही पूर्ण होतात. अशी पदवी हातात घेऊन प्रेस्बिटेरियन समितीपुढे गेलात, तर पुन्हा भाषेच्या वर्गात बसावं लागेल. बॅप्टिस्ट परंपरेत दीक्षेचा निर्णय स्थानिक मंडळीचा असतो, त्यामुळे तिथे मोकळीक जास्त. म्हणून पंथाच्या दीक्षा समितीला आत्ताच लिहा, प्रवेश घेतल्यावर नव्हे. बऱ्याच पंथांत उमेदवारीची प्रक्रियाच काही वर्षं चालते. ती अभ्यासाच्या बरोबरीने सुरू झाली तरच वेळ वाचतो.

दुसरी गोष्ट मान्यतेची. अमेरिका आणि कॅनडातल्या सेमिनरींना मान्यता देणारी मुख्य संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, म्हणजेच एटीएस. जून २०२० मध्ये मंजूर झालेल्या तिच्या मानकांनुसार एम.डिव्ह. किमान ७२ सेमिस्टर क्रेडिट्सची आणि एम.ए. किमान ३६ ची असते. सेमिनरीच्या संकेतस्थळावरचं बोधचिन्ह पाहून समाधान मानू नका. एटीएसच्या स्वतःच्या यादीत त्या सेमिनरीचं पान उघडा. कोणत्या पदव्या मान्य आहेत आणि दूरशिक्षणाला मंजुरी आहे का, हे तिथे स्पष्ट दिलेलं असतं. ‘सहयोगी सदस्य’ किंवा ‘उमेदवार’ असं लिहिलं असेल, तर पूर्ण मान्यता अजून मिळालेली नाही.

एटीएसशिवाय ट्रॅक्स, एबीएचई, डीईएसी या मान्यता देणाऱ्या संस्थांनाही अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मान्यता आहे. त्यांनी मान्य केलेल्या पदव्या खोट्या नाहीत. पण तुमचा पंथ किंवा चॅप्लनचं प्रमाणपत्र देणारी संस्था त्या मानते का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर लेखी घ्यावं. ‘जीवनानुभवाच्या’ बळावर काही महिन्यांत पदवी देणाऱ्यांचा विचारही करू नका.

संध्याशाळा:
वेळेचं गणित मी मांडते. अमेरिकेतल्या क्रेडिटच्या व्याख्येत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे ३ क्रेडिट्सचा विषय १५ आठवड्यांच्या सत्रात घेतला, तर आठवड्याचे ९ तास, एकूण १३५. तोच विषय ८ आठवड्यांत बसवला की आठवड्याचे १७ तास. ‘एका वेळी एकच विषय, फक्त आठ आठवडे’ ही जाहिरात सोपी वाटते, पण तासांच्या हिशेबात ते १५ आठवड्यांच्या दोन विषयांइतकंच ओझं आहे. त्यात एक आठवडा आजारपणात किंवा कामाच्या धावपळीत गेला, तर विषयाचा आठवा हिस्सा हातातून जातो. १५ आठवड्यांच्या सत्रात तो भरून काढता येतो.

७२ क्रेडिट्स म्हणजे साधारण २४ विषय. शरद आणि वसंत सत्रात दोन-दोन, उन्हाळ्यात एक, असे वर्षाला पाच धरले तर जवळजवळ पाच वर्षं. ४५ तासांच्या नोकरीवर दोन विषय म्हणजे आठवड्याचे ६३ तास. जमतं, पण घरच्या जबाबदाऱ्या असतील तर दुसऱ्या वर्षात माणूस थकतो. पहिल्या सत्रात एकच विषय घ्या, तोही वाचन-लेखनाचा. चर्चचा इतिहास त्यासाठी उत्तम. दाट ईश्वरविज्ञानाचं वाचन तासाला वीस पानांच्या फार पुढे जात नाही. आपला वेग काय आहे हे त्या एका सत्रात कळतं, आणि मग पुढची आखणी अंदाजाने करावी लागत नाही. पदवी पूर्ण करायची कमाल मुदत किती आहे आणि मध्ये एखादं सत्र सुट्टी घेतली तर शुल्क लागतं का, हेही प्रवेशाआधीच विचारा.

भाषांबद्दल खास सांगते, कारण नोकरी करणारे इथेच अडकतात. ग्रीक किंवा हिब्रू आठ आठवड्यांच्या सत्रात घेऊ नये. या अभ्यासाला रोज ४०-५० मिनिटं लागतात. शनिवारी सात तास बसून तो भरून निघत नाही. नव्या करारात ५० किंवा अधिक वेळा येणारे ग्रीक शब्द सुमारे ३१० आहेत आणि तेवढ्यांनी मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग व्यापला जातो. म्हणजे रोज पाच शब्द, जुन्यांची उजळणी धरून, हे एका सत्रात आवाक्यातलं आहे. खरा घोटाळा पुढे होतो. व्याकरणाचे दोन भाग वसंतात संपतात, शास्त्रार्थाचा विषय थेट पुढच्या वर्षी मिळतो, आणि मधल्या काळात क्रियापदांची रूपं पार विसरली जातात. म्हणून सेमिनरीला पुढच्या तीन वर्षांचं विषयांचं वेळापत्रक मागा. व्याकरण १, व्याकरण २ आणि शास्त्रार्थ लागोपाठच्या सत्रांत ऑनलाइन मिळतात का, ते बघा. असं वेळापत्रक जी सेमिनरी देऊ शकत नाही, तिच्याकडे ऑनलाइन विद्यार्थ्यांचा विचार दुय्यम आहे, असं मी समजते.

‘ऑनलाइन’ या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार येतात. पहिल्यात वर्ग ठरलेल्या वेळी व्हिडिओवर भरतो. दुसऱ्यात व्याख्यान आधीच ध्वनिमुद्रित असतं आणि चर्चा लिहून होते. तिसऱ्यात वर्षातून एक-दोनदा आठवडाभर कॅम्पसवर जावं लागतं. पहिल्या प्रकारात सेमिनरीच्या घड्याळातले संध्याकाळचे सात तुमच्याकडे दुपारचे चार असू शकतात. तिसऱ्यात दरवर्षी पाच ते दहा दिवसांची रजा, प्रवास, आणि त्या आठवड्याच्या आधीचं वाचन व नंतरचा निबंध धरावा लागतो. तरी माझं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. पाळकीय काम माणसांमध्ये बसून शिकायचं असतं, आणि त्या एका आठवड्यात जुळलेली माणसं उरलेलं वर्षभर अभ्यासाला सोबत करतात.

कातरवेळ:
दोघांचेही आभार. पंथाच्या समितीला आजच लिहितो. चॅप्लनच्या वाटेबद्दल कोणी सांगेल का? सीपीई ऑनलाइन होतं असं काही ठिकाणी वाचलं. आणि एम.ए.चा प्रश्न राहिलाच.

शांत पहारा:
सीपीई, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, हे रुग्णांसोबत राहून घ्यायचं चॅप्लनचं प्रशिक्षण; ते अर्धंच ऑनलाइन होतं. एसीपीई या सीपीईला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या एका युनिटला किमान ४०० तास लागतात. त्यातले किमान १०० तास गटातल्या आणि मार्गदर्शकाबरोबरच्या शिक्षणाचे, बाकीचा मोठा भाग रुग्णांसोबतचा. गटाची बैठक व्हिडिओवर होऊ शकते. रुग्णाच्या खाटेपाशी मात्र स्वतःच जावं लागतं. ‘ऑनलाइन सीपीई’मध्ये तुमच्या गावातलं हॉस्पिटल, हॉस्पिस किंवा वृद्धाश्रम शोधून त्यांच्याशी करार करण्याचं काम बऱ्याचदा तुमच्यावरच येतं, आणि त्यालाच काही महिने जातात. लसीकरणाच्या नोंदी आणि पार्श्वभूमी तपासणीचे कागद आधीच गोळा करून ठेवा.

उन्हाळ्यातलं पूर्णवेळ युनिट साधारण १० ते १२ आठवड्यांत संपतं, पण नोकरीत तेवढी रजा कोण देणार? तुमच्यासाठी विस्तारित युनिट बरं, जे सहा-सात महिने चालतं. ४०० तास २६ आठवड्यांवर पसरले तरी आठवड्याचे १५-१६ तास होतात. त्यात बऱ्याच ठिकाणी रात्रीची किंवा शनिवार-रविवारची पाळी असते. त्या सत्रात दुसरा एकही विषय घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. अडचण निव्वळ तासांची नसते. रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहायचं आणि ते गटासमोर मांडायचं असतं. मृत्यूजवळ घालवलेल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बैठकीत मन लागत नाही. त्याला जागा ठेवावी लागते.

हॉस्पिटलमध्ये कायमची जागा हवी असेल, तर पुष्कळ ठिकाणी बोर्ड सर्टिफिकेशन असलेला किंवा त्या वाटेवर असलेला उमेदवार मागतात. असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅप्लन्सशी संलग्न असलेल्या मंडळाच्या पूर्ण प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर ७२ क्रेडिट्स, सीपीईची चार युनिट्स, चॅप्लन म्हणून २००० तासांचं काम आणि आपल्या धर्मसमुदायाचं समर्थनपत्र लागतं. चार युनिट्स म्हणजे १६०० तास. एम.डिव्ह.मध्ये साधारण एकच युनिट धरलं जातं. उरलेली तीन बहुतेक जण पदवीनंतर वर्षभराच्या पगारी रेसिडेन्सीत (हॉस्पिटलमधलं पूर्णवेळ प्रशिक्षण) करतात, आणि ते वर्ष नोकरी सांभाळून होत नाही. ‘पाच-सहा वर्षं नोकरी सोडायची नाही’ असं ठरलं असेल, तर चॅप्लनच्या वाटेवर सातवं वर्ष वेगळं मोजा. त्या वर्षाचा घरखर्च आजपासून बाजूला टाकायला घ्या.

हा मार्ग फक्त ख्रिस्ती उमेदवारांचा नाही. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ज्यू चॅप्लनही याच अटींतून जातात. हिंदू उमेदवाराला समर्थनपत्र कोण देणार, हे शोधायला मात्र जास्त वेळ लागतो, कारण एकच केंद्रीय पंथसंस्था नसते. ती चौकशी पहिल्या वर्षातच सुरू करावी.

दगडी पायरी:
एम.ए.बद्दल. आधी ३६ ची एम.ए. आणि मग ७२ ची एम.डिव्ह. हे ऐकायला पायरी-पायरीचं वाटतं, पण एकदा पदवी दिली की त्यातली सगळी क्रेडिट्स दुसऱ्या पदवीत धरत नाहीत; काही भाग गळतोच. त्यापेक्षा एम.डिव्ह.मध्येच नाव घाला. मधेच थांबावं लागलं, तर त्याच सेमिनरीच्या एम.ए.वर बाहेर पडता येतं का, ते विचारून ठेवा. खाली उतरणं सोपं असतं, वर चढताना क्रेडिट्स सांडतात.

संध्याशाळा:
हे मला पूर्ण पटत नाही. वाट ठरलेली नसताना ७२ क्रेडिट्सचं ओझं डोक्यावर घेणंही बरोबर नाही. मधला मार्ग आहे: पदवीत नाव न घालता सुटा विद्यार्थी म्हणून दोन-तीन विषय घ्या किंवा पदव्युत्तर प्रमाणपत्र करा. फक्त ते श्रेणीसह आणि क्रेडिटसह घ्या, नुसतं ऐकायला बसू नका. पुढे प्रवेश घेतल्यावर ते एम.डिव्ह.मध्ये जमा होतील हे लेखी घ्या. जुना आणि नवा करार यांची ओळख करून देणारे विषय निवडलेत, तर कुठल्याही सेमिनरीत त्यांचा उपयोग होतो.

दगडी पायरी:
मान्य. वाट ठरली नसेल तर तेच चांगलं. माझा विरोध पूर्ण एम.ए. आधी करण्याला आहे.

ताळेबंद:
पैशांचं कोणी बोललं नाही. प्रति क्रेडिट दर पाहून तुलना करू नका, पूर्ण पदवीचा खर्च काढा. नमुन्यादाखल: ७२ क्रेडिट्स ५०० डॉलरने ३६,०००, ८४ क्रेडिट्स ४५० डॉलरने ३७,८००. स्वस्त दराची पदवी महाग पडली, वर चार विषय जास्त. त्यात दर सत्राचं तंत्रज्ञान शुल्क, पुस्तकं, कॅम्पसच्या फेऱ्या, सीपीईचं वेगळं शुल्क आणि दरवर्षीची दरवाढ घाला. सीपीईची रक्कम बहुधा थेट त्या केंद्राला भरावी लागते आणि सेमिनरीच्या आकड्यात ती दिसत नाही. बऱ्याच सेमिनरी देणगीदारांच्या निधीतून घसघशीत शिष्यवृत्ती देतात, पण ‘किमान सहा किंवा नऊ क्रेडिट्स’ अशी अट असते. तुम्ही एकेक विषय घेणार असाल, तर जाहिरातीतली शिष्यवृत्ती तुमच्यासाठी नाही.

नोकरीच्या ठिकाणी शिक्षण-साहाय्य योजना असेल, तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. कायद्यात विषय कामाशी निगडित असण्याची अट नाही, पण कंपनी स्वतःच्या योजनेत ती घालू शकते. मनुष्यबळ विभागाला योजनेचा कागद मागा. रक्कम कॅलेंडर वर्षावर मोजतात, त्यामुळे शरद आणि वसंत सत्राची फी दोन वेगळ्या वर्षांत भरली तर दोन्ही वर्षांची मर्यादा वापरता येते.

कर्ज लागणार असेल तर हे लक्षात ठेवा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर अभ्यासासाठीचं सरकारी कर्ज बंद होतं. सामान्य पदव्युत्तर अभ्यासाला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर आणि ‘व्यावसायिक’ पदवीला ५०,००० डॉलर. संघीय नियमांतल्या व्यावसायिक पदव्यांच्या यादीत एम.डिव्ह.चं नाव आहे, ईश्वरविज्ञानातल्या एम.ए.चं नाही. पूर्णवेळापेक्षा कमी विषय घेतले तर मर्यादाही त्या प्रमाणात घटते, आणि अर्धवेळाच्या खाली गेलात तर सरकारी कर्ज मिळतच नाही. पाळकीय सेवेचं मानधन पाहता, नोकरी चालू असताना सत्रागणिक रोख भरत जाणं हाच मला सगळ्यात सुरक्षित मार्ग वाटतो, मग पदवीला एक वर्ष जास्त लागलं तरी चालेल.

कातरवेळ:
आता यादी चारवर आणता येईल असं वाटतंय. त्या चौघांना प्रत्यक्ष काय विचारू?

संध्याशाळा:
प्रवेश कार्यालयाला पुढच्या तीन वर्षांचं वेळापत्रक, आणि नोकरी करणारे किती ऑनलाइन विद्यार्थी पदवीपर्यंत पोचले तो आकडा. ग्रंथालयाला: आटलाचा (धर्मविषयक संशोधन-लेखांचा ऑनलाइन) लेखसंग्रह घरून उघडतो का, आणि छापील भाष्यग्रंथ टपालाने पाठवतात का. क्षेत्रसेवेच्या (मंडळीत प्रत्यक्ष काम करून शिकण्याच्या विषयाच्या) संचालकांना: दोन सत्रं आठवड्याला दहा-बारा तासांची सेवा तुमच्याच गावातल्या मंडळीत चालेल का, आणि तिथल्या मार्गदर्शकाची पात्रता काय हवी. शेवटी एका चालू वर्गात पाहुणे म्हणून बसायची परवानगी मागा, आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामावरून दमून आल्यावर. त्या स्थितीत दीड तास लक्ष टिकलं, तर तो वर्ग तुम्हाला झेपेल.

शांत पहारा:
त्यात एक जोडा: सीपीईच्या एका युनिटला ही सेमिनरी किती क्रेडिट्स देते आणि त्या क्रेडिट्सचं शुल्क पुन्हा घेते का.