वरच्या मजल्यावर उखळ, खाली धब्‌धब् – स्लॅबमधून येणारा आवाज कसा कमी करावा?

विजापूर_रोडवाला

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात तीन मजली अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आरसीसीचं बांधकाम, सगळीकडे व्हिट्रिफाइड फरशी. आमच्या डोक्यावर एक मावशी राहतात. शेंगा चटणी आणि कडक भाकरी ऑर्डरवर करून देतात. चटणी उखळात कुटतात. उखळ दगडी आहे आणि किचनच्या मधोमध थेट फरशीवर ठेवलेलं. त्याच्या खाली आमचं किचन आणि भिंतीपलीकडे वडिलांची खोली.

उन्हाळ्यात नऊनंतर किचनमध्ये उभं राहवत नाही म्हणून त्या पहाटे पाचला सुरू करतात. संक्रांतीच्या गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या यात्रेत) ऑर्डर जास्त, तेव्हा संध्याकाळीही. आमचे वडील गिरणीत होते, त्यांना कानानं कमी येतं. पण टीव्ही मोठा करूनही न कळणाऱ्या या माणसाला उखळाचा प्रत्येक ठोका कळतो. म्हणतात, "आवाज नाही रे, पलंगातून येतंय काहीतरी."

एका ठेकेदाराला दाखवलं. तो म्हणतो पीओपीचं फॉल्स सीलिंग करा, आत थर्मोकोल भरतो, आवाज शंभर टक्के बंद. खर्च पन्नास हजारांच्या पुढे. करावं का?

भांडण करायचं नाही. त्यांचीच चटणी आमच्या ताटात असते.

अजून एक. पाणी येतं त्या दिवशी खाली पार्किंगमधली मोटर सुरू झाली की आमच्या बाथरूमची भिंत घुमते. त्यावरही काही असेल तर सांगा.

सात_रस्ता

मावशींना मिक्सर भेट द्या. विषय संपला.

चादर_टॉवेल

@सात_रस्ता मिक्सरची चटणी सोलापुरात कोण घेणार? पातं शेंगदाण्याचे तुकडे करतं, उखळात तो चेचला जातो आणि तेल सुटतं. गिऱ्हाईक बोटाला तेल लागतंय का ते बघून मगच पैसे काढतं.

बाकी, रात्री दहा ते सकाळी सहा नियम आहे ना? २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. लेखी द्या सोसायटीला.

माळवद

आयुष्य साइटवर स्लॅब भरून घेण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते लेखी देण्याचं. ते आकडे परिसरातल्या आवाजाचे आहेत, भोंगे, डीजे, कारखाने यांच्यासाठी. बंद घरात स्लॅबमधून उतरणारा ठोका त्यात मापून कोण देणार? मोबाइलवरचं अॅपही अशा जड ठोक्याला फसतं, कारण त्याचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. कागद रंगेल आणि चटणी बंद होईल.

आता ठेकेदार. त्याला नको म्हणून सांगा.

तुमचा स्लॅब पाच-सहा इंची असणार. एवढं काँक्रीट बोलण्याचा आवाज चांगला अडवतं, वरून खाली येईपर्यंत पन्नासेक डेसिबल खाऊन टाकतं. दर दहा डेसिबलला कानाला आवाज निम्मा वाटतो, त्यावरून अंदाज करा. मावशींच्या घरातली मालिका तुम्हाला ऐकू येत नसणार. येत असली तर ती खिडकीतून किंवा डक्टमधून येते, स्लॅबमधून नाही. ठोक्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे हवेचा संबंधच नाही. मुसळ स्लॅबला हलवतं आणि स्लॅब खालच्या बाजूनं हलगीसारखा वाजतो. बोलणं अडवण्यात पहिल्या नंबरात येणारं काँक्रीट ठोका अडवण्यात साफ नापास आहे, आणि वर फरशी सिमेंटमध्ये घट्ट बसवलेली असली की मग विचारूच नका.

वडील अगदी बरोबर बोलताहेत. तो हादरा स्लॅबमधून बीममध्ये, बीममधून भिंतीत आणि भिंतीला टेकलेल्या पलंगात जातो. आजच पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पायांखाली रबराचे तुकडे सारा. फुकटचं काम आहे, त्यांना फरक कळेल.

म्हणूनच फॉल्स सीलिंगनं काम भागत नाही. ते छत झाकतं, भिंती तशाच घुमत राहतात. शिवाय आपल्याकडे जे पीओपी करतात त्याची पत्र्याची पट्टी स्लॅबला कडक ठोकलेली असते, ती हादरा जसाच्या तसा खाली आणून देते. आणि थर्मोकोल! तो उष्णता अडवतो. सोलापुरात त्याचा तेवढा उपयोग आहे, गच्चीखाली राहणाऱ्यानं जरूर भरावा. पण आवाज अडवायला वजन लागतं आणि थर्मोकोलला ते नाही. नीट करायचंच म्हटलं तर रबर बसवलेले हँगर, सहा इंचांची पोकळी, त्यात रॉकवूल (दगडापासून केलेला लोकरीसारखा तंतू), खाली जिप्सम बोर्डचे दोन थर, कडेनं सगळं सील, पंख्याची दांडी सीलिंगला न शिवता थेट स्लॅबमधून. असा कारागीर शोधा, तोवर संक्रांत येईल.

आवाज जिथे जन्मतो तिथेच पकडायचा, म्हणजे वरच्या मजल्यावर. खालच्याला खर्च करायची घाई असते, कारण आपलं छत आपल्या ताब्यात असतं. पण उपाय वरच्याच्या पायाखाली असतो.

माझं लहानपण साखर पेठेतलं. खाली माग, वर आम्ही. धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग, एका टोकाला जाऊन आपटला की वर फळीवरची ताटं किणकिणायची. मग मालकानं मागाच्या पायांखाली जाड नमदा (दाबलेली लोकर) घातला. खाली मागासमोर उभ्या माणसाला काडीचा फरक नाही, तिथे आवाज नव्वद डेसिबलच्या वरच, बोलायचं तर कानात ओरडावं लागायचं. पण वर ताटं गप्प झाली. हवेतला आवाज तोच राहिला, फक्त जमिनीत जाणारा हादरा तुटला. तुम्हाला नेमकं हेच करायचंय.

आजोळी मंगळवेढ्याकडे माळवद होतं. वर आम्ही पोरं धिंगाणा घालायचो आणि खाली आजोबा दुपारची झोप काढायचे. लाकडाच्या तुळयांवर हातभर माती, म्हणजे वजन भरपूर आणि ताठरपणा नाही. आता पुन्हा माळवद घाला म्हणत नाही, गळलं की काय होतं तेही पाहिलंय.

नवीन इमारतीत याचा रीतसर उपाय आहे. फरशीच्या कोब्याखाली, म्हणजे फरशीखालच्या सिमेंटच्या थराखाली, पाचेक मिलिमीटरचा रबर किंवा दाट फोम अंथरायचा, कडेनं भिंतीलगत त्याचीच उभी पट्टी द्यायची, म्हणजे कोबा ना स्लॅबला शिवतो ना भिंतीला. एके ठिकाणी जरी कोब्याचा माल पट्टीवरून भिंतीला चिकटला की सगळ्यावर पाणी. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत भाग ८ मध्ये ध्वनिरोधाचा अख्खा विभाग आहे. टू बीएचके विकताना तो कुणी उघडत नाही. गिऱ्हाईक मॉड्युलर किचन विचारतं, स्लॅबवर काय अंथरलंय ते विचारत नाही.

मावशींची फरशी फोडायला सांगणं शक्य नाही. म्हणून फक्त उखळापुरता तसा कोबा करा. वर जड, खाली मऊ:

फरशीवर स्कूटरची जुनी ट्यूब आडवी ठेवा, हवा थोडीच भरा. तिच्यावर दोन फूट बाय दोन फूट, दोन इंच जाडीची कडप्पा. तिचं वजन पन्नास किलोच्या आसपास होईल. कडप्प्यावर गोठ्यात जनावरांखाली घालतात त्या रबर मॅटचा तुकडा, उखळ सरकू नये म्हणून. त्यावर उखळ. कडप्पा भिंतीला, ओट्याला कुठेच टेकता कामा नये.

नुसतं मॅट का नाही, असं कुणी विचारेल. मॅट कडक असतं. म्हैस उभी राहिली तरी दबू नये म्हणूनच ते बनवलंय. त्यानं फरशीवर भांडं पडल्याचा टणका जाईल, धब् जाणार नाही. स्प्रिंगचं काम करायचं तर भारानं खाली बसलं पाहिजे. चार मिलिमीटर बसलं तर वरचं ओझं सेकंदाला आठेक वेळा डोलतं. ट्यूब त्याहून जास्त बसते, म्हणजे अजून सावकाश डोलते. उखळाचा जो धब् तुम्हाला लागतो त्याची कंपनं सेकंदाला तीस-साठ तरी असतात. या दोन आकड्यांत अंतर जेवढं जास्त तेवढं खाली कमी उतरतं.

आणि उखळ किचनच्या मधोमध नको. स्लॅब मध्यावर सगळ्यात जास्त लवतो. बीमजवळच्या कोपऱ्यात न्या. तुमच्याच किचनमध्ये मान वर करून बघा बीम कुठे आहे, वरही तिथेच मिळेल.

विजापूर_रोडवाला

काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. पलंग लगेच सरकवला. वडील म्हणाले, "आता कुटतायत की नाही ते वर जाऊन बघायला लागेल." त्यांना तर पटलंय. मला किचनमध्ये येतोच आहे आवाज.

शंका एकच. ट्यूबवर उखळ हलणार नाही का? मावशींचं वय साठीच्या पुढे आहे.

भाकरी_आणि_बरंच_काही

मी स्वतः अक्कलकोट रोडला दुसऱ्या मजल्यावर चटणी करते, म्हणून वरच्या बाजूनं लिहिते.

हलतं. पहिल्यांदा खालच्या वहिनींनी गादीचा फोम आणून दिला होता. त्यावर मुसळाचा जोर जायचाच नाही, दाणा चेचायच्या ऐवजी उखळच खाली-वर. दंड भरून आले आणि चटणी कोरडीच. माळवदकाका वजनाचं म्हणतात ते खरं आहे. उखळाखाली जड दगड असला तर ठोका दाण्यावरच बसतो, कारण तेवढं वजन एका फटक्यानं जागचं हलत नाही. हलका पाट ठेवला तर सगळं फुकट.

दुसरं, उंची. ट्यूब आणि दगड मिळून उखळ चार-पाच बोटं वर येतं. पाटावर बसून कुटणाऱ्या बाईचा खांदा दुसऱ्याच दिवशी धरतो. मावशींचा पाटही तेवढाच उंच करून द्या. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मुसळाच्या तळाला लोखंडी कडं असेल तर तेही बघा. दाणे कमी असले की ते थेट दगडावर आपटतं. मी एका वेळी घाणा मोठा घेते, तळ कधी उघडा पडू देत नाही. शेंगदाणे आदल्या रात्री भाजून, सालं पाखडून ठेवते आणि कुटायला सातला बसते. भाजण्याचा आवाज नाही, कुटण्याचा असतो. खालच्यांनी कधी विचारलंच नव्हतं, नाहीतर आधीच केलं असतं. आपणहून कुणी सांगत नाही हो, मनात ठेवतात.

कडक भाकरीचं तुम्ही लिहिलं नाही, पण थापायचा आवाजही खाली जातो. परात ओट्यावर ठेवते तेव्हा खाली ओलं फडकं घडी करून घालते. तेवढं पुरतं.

माळवद

ताईंनी पाटाचं सांगितलं ते माझ्या डोक्यातही आलं नसतं. फोमचंही बरोबर, मऊपणाला वजनाची जोड नसेल तर तो नुसता झोपाळा होतो. ट्यूबमधली हवा दोन-तीन आठवड्यांनी बघावी लागेल. कडप्पा एका बाजूला कललेली दिसली की समजा. फार हलत असेल तर हवा वाढवू नका, कमी करा, फक्त दगड फरशीला टेकू देऊ नका.

मोटरचं राहिलं. तोच रोग, रस्ता वेगळा. मोटर बोल्टनं काँक्रीटला आवळलेली असते आणि लोखंडी पाइप भिंतीला धरून तीन मजले चढतो. म्हणजे हादऱ्याला जिनाच बांधून दिलाय. मोटरखाली रबर पॅड घाला. बोल्टच्या वायसरखालीही रबर हवा, नाहीतर बोल्टच हादरा खाली नेतो. मोटरमधून निघणाऱ्या पाइपचा पहिला हातभर तुकडा कापून तिथे दाब सोसणारा जाड होज लावा. क्लॅम्पमध्ये ट्यूबची पट्टी गुंडाळा. पाणी आलं की मोटर चालू ठेवून पाइपवर हात ठेवत वर चढत जा. ज्या क्लॅम्पपाशी भिंतही थरथरते तिथून सुरुवात करा. बहुतेक तुमच्या बाथरूममागेच पाइप भिंतीत सिमेंटनं गच्च बुजवलेला सापडेल. तिथलं सिमेंट टोकरून काढा आणि सिलिकॉन भरा.

विजापूर_रोडवाला

मावशींशी बोललो. त्यांना पहाटेचा आवाज खाली जातो हेच माहीत नव्हतं. सातला बसायला तयार आहेत, ट्यूबही चालेल म्हणाल्या. फक्त "पन्नास किलोचा दगड तिसऱ्या मजल्यावर कोण आणणार ते तू बघ, लिफ्ट बंद हाय" म्हणाल्या.

माळवद

एकेक इंचाच्या दोन कडप्पा घ्या, प्रत्येकी पंचवीस किलोच्या आत-बाहेर. दोन खेपा करा. वर एकावर एक ठेवताना मध्ये सिमेंट लावू नका, रबराचा पातळ पत्रा घाला. अखंड दगडापेक्षा हे जास्त चांगलं वागेल, मधलं रबर थोडा हादरा तिथेच जिरवतं. कडा घासून गोल करून घ्या, मावशींची बोटं लागतात तिथे.