पंचम नसलेल्या तीन बहिणी

रागांची नावं ओळखायच्या कोड्यातली ओळ होती, 'तिघी बहिणी, पाचवं घर तिघींना बंद; एक दिवेलागणीला, दुसरी तिच्या मागोमाग, तिसरी पहाट व्हायच्या आत'. काका, तुमचा भूप-देशकार या रागांचा अंदाज चांगला होता, पण त्या दोघीच, आणि दोघींतही पंचम (पाचवा स्वर, प) ठाण मांडून बसलाय!

आम्ही इथे सोलापुरात काल रात्री गच्चीवर पेटी घेऊनच बसलो. मधे शेंगाचटणी आणि कडक भाकरी. (पेटीला तेल लागलं, घरी कळलेलं नाही.) पांढरी एकचा (पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरून पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे प वर, कागदाची चिठ्ठी ठेवली. कोमल (जरा खालचा) रे, तीव्र (जरा वरचा) म, बाकी शुद्ध, अशा सहाच पट्ट्या उरल्या आणि मारवा, पूरिया, सोहनी तिघी त्यातच सापडल्या. मारव्यात रे-ध वर जोर, पूरियात ग-नी आणि वावर मंद्रात (खालच्या सप्तकात). सोहनी मात्र वरच्या षड्जाभोवतीच (सा-भोवती) घुटमळते. कोड्यात हे 'चढं घर' यायला हवं होतं, सुटायला दोन दिवस लागले नसते.

आता माझं कोडं घ्या (ऋषभ म्हणजे रे): 'झोपाळा हलतोय, पण ऋषभ-पंचम दोघेही उतरून गेलेत.'